एकट्याने देश ओलांडायचा म्हणजे...

'एकटा जीव सदाशिव' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात थोडे कौतुक असते, थोडी कीव असते आणि बराचसा हेवा असतो. मागेपुढे कुणी नाही, कुणाला विचारायचे नाही, मनात आले की पिशवी उचलायची आणि चालू लागायचे! पण हीच म्हण बाईबद्दल वापरलेली मी तरी कधी ऐकली नाही. बाई एकटी निघाली की ती लगेच 'एकटीदुकटी' होते, आणि तो शब्द आला की मागोमाग काळजी येतेच.

हा 'एकटा' आणि ही 'एकटी' गेले काही आठवडे माझ्या डोक्यात घोळत आहेत. कारण पुढे सांगते. पण मी पडले इतिहासाची मास्तरीण. कुठलीही गोष्ट समोर आली की ती आधी कुणी केली, कशी केली, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून अमेरिका देश या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत रस्त्याने, स्वतः गाडी चालवत ओलांडणारी सुरुवातीची माणसे शोधत बसले. जे हाती लागले ते इतके रंजक आहे की घरातला विषय बाजूला ठेवून आधी तेच सांगते.

तारीख १६ मे १९०३. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर लोट्टाज फाउंटन नावाचे कारंजे आहे. दुपारी अडीचच्या सुमारास तिथून जॉर्ज वायमन नावाचा पंचविशीतला तरुण एका मोटरसायकलवर बसून न्यूयॉर्कला निघाला. मोटरसायकल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बुलेट येईल. ती आधी पुसून टाका. साध्या सायकलच्या सांगाड्यात बसवलेले एक छोटे इंजिन, सव्वा अश्वशक्तीचे. आजच्या आपल्या साध्या स्कूटरच्या ताकदीचा जेमतेम सहावा हिस्सा. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत चामड्याचा पट्टा, आणि इंजिन रुसले तर मारायला पॅडल. आपल्या जुन्या लूनाचे खापरपणजोबा म्हणा ना! सोबत गरम कपडे, पाण्याची बाटली, तेलाचे आणि पेट्रोलचे डबे, पाने-पकडी, काही सुटे भाग, एक कॅमेरा आणि एक रिव्हॉल्व्हर. सोबतीला माणूस नाही.

आदल्या वर्षी, १९०२ मध्ये, तो अशाच गाडीवरून सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून रीनोपर्यंत जाऊन आला होता. तिथेच त्याच्या मनाने घेतले की डोंगर ओलांडता येतात तर देशही ओलांडता येईल.

येईल खरा, पण कशावरून? रस्ता कुठे होता?

ही गोष्ट आज समजायला अवघड जाते. १९०३ सालची अमेरिका म्हणजे मागासलेला देश नव्हे. गगनचुंबी इमारती होत्या, विजेचे दिवे होते, तारायंत्र होते. पण गावाबाहेर पक्के रस्ते जवळजवळ नव्हतेच, आणि याचे कारण होते रेल्वे. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रॉमंटरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे रूळ एकमेकांना जोडले गेले. त्याआधी माणसे बैलगाड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या तांड्यांनी महिनोन् महिने चालत पश्चिमेला जात. आगगाडी आल्यावर त्या वाटांकडे बघतो कोण? लांबचे जाणे आगगाडीने आणि रस्ता फक्त शेतापासून स्टेशनापर्यंत, असा हिशेब बसला. जुन्या वाटा बुजून गेल्या.

आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत खूप फिरल्या, ठिकठिकाणी व्याख्याने दिली, आणि शेवटी पॅसिफिक किनाऱ्यावर जाऊन सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे परत निघाल्या. त्यांचे अमेरिकेवरचे मराठी पुस्तक १८८९ साली निघाले. त्यांचा तो लांबलांबचा प्रवास झाला तो आगगाडीने. म्हणजे वायमनच्याही आधी १५ वर्षे एका मराठी विधवेने तो खंड पालथा घातला होता. मात्र तिच्यासाठी रूळ टाकलेले होते, वेळापत्रक होते, स्टेशन होते. वायमनजवळ यातले काही नव्हते.

म्हणून त्याने काय केले? तोही रुळांवर गेला! रस्ता संपला, वाळू आली, चिखल आला की मोटरसायकल उचलून लोहमार्गावर आणायची आणि दोन रुळांच्या मधून, स्लीपरवरून धाड धाड आदळत चालवायची. निम्म्याहून अधिक प्रवास त्याने असा केला. सिएरा नेवाडाच्या घाटात बर्फापासून लोहमार्ग वाचवण्यासाठी बांधलेल्या लांबच लांब लाकडी छपरांखालून, बोगद्यासारख्या अंधारातून तो गेला. नेवाडाच्या वाळवंटात गाव असे नव्हतेच. ठरावीक अंतरावर रेल्वेच्या गँगमन लोकांची खोपटी असत. रात्री तिथे टेकायचे, ते देतील ते खायचे, सकाळी पुढे निघायचे. पेट्रोल पंप हा शब्दही तेव्हा नव्हता. वाटेतल्या वाणसामानाच्या दुकानात मिळेल ते पेट्रोल घ्यायचे. इंजिनाचा क्रँक तुटला तेव्हा सुट्या भागांसाठी शिकागोत थांबावे लागले.

न्यूयॉर्क दीडशे मैलांवर असताना, ऑल्बनीजवळ, इंजिनाने कायमचा राम म्हटला. दीडशे मैल म्हणजे जवळजवळ अडीचशे किलोमीटर! वायमनने उरलेले अंतर ते लोढणे घेऊन पॅडल मारत कापले आणि ६ जुलै १९०३ रोजी तो न्यूयॉर्कला पोहोचला. सुमारे ३,८०० मैल, ५० दिवस. इंजिनाच्या वाहनाने अमेरिका खंड ओलांडणारा तो पहिला माणूस, आणि एकटा.

आता गंमत पाहा. तुम्ही अमेरिकेत कुणालाही विचारा, हा मान बहुतेक जण दुसऱ्यालाच देतील. वायमन निघाल्यानंतर आठवड्याने, २३ मे रोजी, त्याच सॅन फ्रान्सिस्कोतून डॉ. होरेशियो नेल्सन जॅक्सन मोटारीने निघाले. क्लबमध्ये बोलता बोलता कुणीतरी म्हणाले की मोटार हे श्रीमंतांचे खेळणे आहे, त्याने देश ओलांडता येणार नाही. डॉक्टरांनी ५० डॉलरची पैज मारली. स्वतःची मोटार नाही, चालवण्याचा सराव नाही. पण पठ्ठ्याने चार-पाच दिवसांत एक वापरलेली विंटन मोटार विकत घेतली, सूअल क्रॉकर नावाच्या तरुण मेकॅनिकला बरोबर घेतले, आणि वाटेत आयडाहो राज्यात एक कुत्रा घेतला, बड नावाचा. धुळीने त्याचे डोळे सुजू लागले म्हणून त्यालाही गॉगल घातला! २६ जुलैला मंडळी न्यूयॉर्कला पोहोचली. ६३ दिवस आणि खर्च ८,००० डॉलर. ५० डॉलरच्या पैजेसाठी ८,००० डॉलर! आणि ते ५० डॉलरही डॉक्टरांनी कधी वसूल केले नाहीत. गॉगल घातलेला कुत्रा असल्यावर प्रसिद्धी मिळणारच. वीस दिवस आधी एकटाच पॅडल मारत आलेला वायमन मागे राहिला.

डॉक्टरांच्या प्रवासातला एक किस्सा मला फार आवडतो. कॅलिफोर्नियात त्यांनी एका बाईला रस्ता विचारला. तिने सांगितला त्या रस्त्याने पन्नासेक मैल गेले तर रस्ता एका शेतघराशी संपला. घरातली माणसे बाहेर येऊन मोटारीकडे टकमका बघू लागली. परत फिरून त्या बाईला जाब विचारला, तर तिने सरळ सांगितले की तिच्या आईवडिलांनी आणि नवऱ्याने मोटार कधी पाहिली नव्हती, म्हणून तिकडे पाठवले! जाऊन-येऊन १०८ मैलांचा फेरा पडला. पण पुढे वायोमिंगमध्ये दीड दिवस उपाशी असताना एका मेंढपाळाने त्यांना जेवू घातले. म्हणजे अनोळखी माणसाने चकवले आणि अनोळखी माणसानेच तारले. प्रवासाचा हिशेब शेवटी असाच जमतो.

आता बायकांकडे येते.

१९०९ सालच्या ९ जूनला, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरून भर पावसात एक हिरवी मॅक्सवेल मोटार निघाली. चालवणारी ॲलिस रॅमसे, वय २२, न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावची गृहिणी, घरी तान्ह्यातून नुकतेच उठलेले मूल. बरोबर तिच्या दोन नणंदा आणि एक मैत्रीण. तुम्ही म्हणाल, मग ही एकटी कशी? तर या तिघींपैकी एकीलाही मोटार चालवता येत नव्हती! ३,८०० मैल, ५९ दिवस, सुकाणूवर हात फक्त ॲलिसचे. टायर बदलायचे तिने, आणि ते ११ वेळा बदलावे लागले. स्पार्क प्लग साफ करायचे तिने. ब्रेकचे पॅडल तुटले तर दुरुस्त करायचे तिने. सोबतीणी होत्या, पण जबाबदारी एकटीची. आपल्या घराघरांतून संसार ओढणाऱ्या बायकांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

ॲलिस गाडीकडे वळली त्याचे कारणही मजेदार आहे. तिचा घोडा एकदा शेजारून गेलेल्या मोटारीला बुजून उधळला. तिचा नवरा वकील, स्वतः मोटार न चालवणारा. त्याला वाटले, घोड्यापेक्षा मोटार बरी. १९०८ साली त्याने तिला मोटार घेऊन दिली. त्या एका उन्हाळ्यात ती ६,००० मैल हिंडली. मग २०० मैलांच्या एका चाचणी-शर्यतीत उतरली आणि पैकीच्या पैकी गुण मिळवून आली. तिथे मोटार कंपनीच्या माणसाने तिला हेरले आणि देश ओलांडण्याची कल्पना मांडली. म्हणजे उठली आणि निघाली असे झाले नाही. आधी वर्षभर हात बसला होता.

वाट सापडायची कशी? पूर्वेकडच्या भागासाठी 'ब्लू बुक' नावाचे मार्गदर्शक पुस्तक होते. त्यात अमुक रंगाच्या घरापाशी डावीकडे वळा, अशा खुणा दिलेल्या असत. एका ठिकाणी पिवळे घर काही केल्या सापडेना. शेवटी चौकशी करता कळले की घरमालकाला मोटारींचा राग होता, म्हणून मोटारवाल्यांना चकवण्यासाठी त्याने घरालाच हिरवा रंग फासला होता! पश्चिमेकडे तर पुस्तकही नव्हते. मग त्यांनी टेलिफोनचे खांब धरले. जिकडे जास्त तारा जातात तिकडे मोठे गाव असणार, असा साधा हिशेब. दोन फाटे फुटले की मान वर करून तारा मोजायच्या.

आयोवातला चिखल म्हणजे आपल्या काळ्या रानातला पावसाळ्यातला चिखल. एका ओढ्याला पूर आला तेव्हा पाणी ओसरेपर्यंत चौघी काठावर गाडीतच झोपल्या. एकदा इंजिन तापले आणि जवळ भांडे नाही, तेव्हा नणंदांनी आपल्या प्रसाधनाच्या पेटीतल्या दात घासण्याच्या ब्रशच्या काचेच्या नळ्या काढल्या आणि ओढ्यावरून त्यांतून थेंब थेंब पाणी आणून रेडिएटर भरला. वायोमिंगमधल्या हॉटेलात ढेकणांनी फोडून काढले. ७ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्को आले. मोटारीने अमेरिका ओलांडणारी ती पहिली स्त्री.

आता घरचा विषय सांगते.

माझी नात न्यू जर्सीत लहानाची मोठी झाली. तिला कॅलिफोर्नियात नोकरी लागली आहे. सामान ट्रकने जाईल आणि गाडी ती स्वतः चालवत नेणार आहे, एकटी. लेकीचा मला फोन आला, "आई, तूच सांग तिला, तुझं ऐकते ती." दुसऱ्या दिवशी नातीचा फोन, "आजी, तू आईला सांग ना, ती फक्त तुझं ऐकते." दोघींनाही मी "बघते" एवढेच म्हणाले. जावई बिचारा नकाशे काढून बसला आहे आणि दोन्हीकडून बोलणी खातो आहे. इथल्या आमच्या नातेवाईक मंडळींनी तर फोनवर परिषदच भरवली. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "विमानं काय कमी पडलीत का?" एक भाचा म्हणाला, मुलगा असता तर एवढी चर्चा झाली असती का? त्यावर सगळे गप्प. मंडळी, त्या गप्प बसण्यात खूप काही होते.

लेकीची काळजी मला खोटी वाटत नाही. ती त्या देशात तीस वर्षे राहते, तिथले महामार्ग तिने पाहिले आहेत. तिला मुलीच्या धैर्याबद्दल शंका नाहीच. रस्ता तिच्या मुलीशी कसा वागेल, ही तिची शंका आहे. आणि इतिहासात शोधत गेले तेव्हा कळले की हा प्रश्न अगदी नेमका आहे. त्यासाठी आणखी एका बाईची गोष्ट सांगावी लागेल.

बेसी स्ट्रिंगफील्ड ही काळी स्त्री. १९३० आणि १९४० च्या दशकांत मोटरसायकलवरून एकटीने आठ वेळा अमेरिका पालथी घातल्याचे ती सांगे. मागे जागा असून मागे कुणी नाही, अशी. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी टपाल पोहोचवण्याचे काम तिने केले. मायामीत ती 'मोटरसायकलची राणी' म्हणून ओळखली जाई. १९९३ मध्ये ती वारली आणि २००२ मध्ये तिचे नाव अमेरिकेच्या मोटरसायकल हॉल ऑफ फेममध्ये आले.

तिच्या काळापर्यंत रस्ते झाले होते, पेट्रोल पंप झाले होते, मुक्कामाच्या खोल्या झाल्या होत्या. वायमनच्या मानाने सगळी चैनच. पण दार वाजवल्यावर काळ्या माणसाला खोली मिळेल याची खात्री नव्हती. एखाद्या काळ्या कुटुंबाने घरात घेतले तर तिथे झोपायचे. नाहीतर पेट्रोल पंपावर मोटरसायकल उभी करायची, हँडलवर जाकिटाची उशी करायची, पाय मागच्या मडगार्डवर टाकायचे आणि तशीच रात्र काढायची. काळ्या प्रवाशांना कुठे जेवण मिळेल, कुठे झोपायला मिळेल, याची यादी असलेले एक पुस्तकच हार्लेममधले पोस्टमन व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून काढले. 'ग्रीन बुक' म्हणतात त्याला. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतरपर्यंत ते निघत होते. एकीकडे ॲलिसचे 'ब्लू बुक' कुठे वळायचे ते सांगणारे, आणि दुसरीकडे हे 'ग्रीन बुक' कुठे थांबले तर अपमान होणार नाही ते सांगणारे!

महाराष्ट्रातल्या माणसाला हे परके वाटायचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लहानपणच्या, १९०१ च्या सुमारासच्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवली आहे. वडिलांना भेटायला निघालेली ती मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर कुणी बैलगाडी हाकायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बरोबर पायी चालणार, असे ठरले. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. वायमन नेवाडाच्या वाळवंटात होता त्याच्या दोन वर्षे आधीची, आपल्या सातारा जिल्ह्यातली ही गोष्ट. वायमनला वाळवंटात गँगमनच्या खोपटात भाकरतुकडा मिळाला, आणि या मुलांना भरवस्तीच्या मुलखात पाणी मिळाले नाही.

हे सगळे वाचल्यावर 'एकट्याने प्रवास' या शब्दांचा अर्थ मला निराळा दिसू लागला. एकटा निघालेला माणूस घरच्यांवर अवलंबून नसतो, एवढेच. अनोळखी माणसांवर तो सगळ्यांत जास्त अवलंबून असतो. चौघे असले तर एक जण मदत आणायला जातो, एक जण गाडीपाशी थांबतो. एकट्याला मात्र जो भेटेल त्याच्यावर विश्वास टाकावा लागतो. म्हणून एकट्या माणसाचा प्रवास सुखरूप होतो तेव्हा त्यातले थोडे श्रेय त्याच्या धाडसाला आणि बाकीचे त्या मुलखाला असते. एकटी बाई रात्री कुठल्याही दारावर निर्धास्तपणे थाप मारू शकते का, यावरून तो मुलूख ओळखावा.

आता रस्त्याचे पुढे काय झाले तेही थोडक्यात सांगते, कारण त्यातही 'एकट्या'चा वाटा आहे. वायमन, जॅक्सन, रॅमसे यांच्या हकीकती वर्तमानपत्रांतून आणि मासिकांतून छापून आल्या आणि लोकांना वाटू लागले की रस्ता हवा. १९१३ साली लिंकन हायवेची घोषणा झाली, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत. १९१९ मध्ये अमेरिकी लष्कराचा गाड्यांचा तांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्याला ६२ दिवस लागले, म्हणजे ॲलिसपेक्षा जास्तच! त्या तांड्यात आयझेनहॉवर नावाचे एक तरुण अधिकारी होते. पुढे तेच राष्ट्राध्यक्ष झाले, आणि १९५६ साली त्यांच्या सहीने ४१,००० मैलांच्या महामार्गांचा कायदा झाला.

त्यातलाच इंटरस्टेट ८०. सॅन फ्रान्सिस्कोपासून न्यू जर्सीतल्या टीनेकपर्यंत, सुमारे २,९०० मैल, म्हणजे साडेचार हजार किलोमीटरहून जास्त. १९८६ मध्ये तो पूर्ण जोडला गेला. सिएरा नेवाडा, नेवाडाचे वाळवंट, वायोमिंग, नेब्रास्का, आयोवा... वायमन ज्या मुलखातून आदळत गेला त्याच मुलखातून तो जातो. आणि टीनेकला लागूनच कुठले गाव आहे ठाऊक आहे? हॅकेनसॅक! ॲलिस रॅमसेचे गाव. माझी नात याच रस्त्याने जाणार आहे.

५० दिवसांचा, ५९ दिवसांचा प्रवास आता पाच-सहा दिवसांचा झाला आहे, तोही फक्त उजेडात गाडी चालवून. पण धोके संपले असे नाही, बदलले आहेत. पूर्वी चिखल अडवायचा, आता सरळ गुळगुळीत रस्त्यावर डुलकी लागते. नेवाडात आणि वायोमिंगमध्ये आजही लांबच लांब पट्टे निर्मनुष्य आहेत, आणि तिथे फोन लागेलच असे नाही. हिवाळ्यात वायोमिंगमधला रस्ता बर्फ आणि वाऱ्यामुळे बंद पडतो. ताऱ्यांवरून दिशा ओळखणाऱ्यांना, तारा मोजणाऱ्यांना रस्ता चुकला तरी सावरता यायचे. फोनमधल्या नकाशावर सगळी भिस्त असलेल्याची बॅटरी संपली तर काय?

तेव्हा मी दोघींनाही सांगितले ते असे. लेकीला म्हटले, अडवू नकोस. पण काळजी करणे सोडायलाही सांगत नाही. ती काळजी तयारीत वापर. नातीला म्हटले, ॲलिसने आधी ६,००० मैलांचा सराव केला होता, तू निदान टायर बदलायला शीक. तो स्वतःच्या हाताने, दोनदा, बाबांची मदत न घेता बदलून दाखव. हिवाळ्यात जाऊ नकोस. कागदी नकाशा जवळ ठेव. रात्री गाडी चालवू नकोस. रोजच्या मुक्कामाची जागा आधी ठरव आणि पोहोचल्यावर आईला कळव. ही परवानगी मागणे नव्हे, ही एकट्या प्रवाशाची शिस्त. पाणी, खाऊ आणि पेट्रोल अर्ध्यावर आले की भरून घे. आणि वाटेत कुणी अडलेले दिसले तर आपली सुरक्षितता सांभाळून, निदान फोन करून, मदत मिळवून दे. कारण या रस्त्यावर तुझ्याआधी गेलेल्या प्रत्येकाला कुणीतरी मदत केली आहे.

नातीने टायर एकदा बदलला आहे, पाऊण तास लागला म्हणे. दुसऱ्या वेळचे अजून बाकी आहे. आणि तो बदलताना तिची आई शेजारी घड्याळ घेऊन उभी होती, असे जावयाने कळवले!

जाता जाता ॲलिसबद्दल एक राहिलेच. त्या पहिल्या प्रवासावर तिने पुस्तक लिहिले ते तब्बल ५२ वर्षांनी, १९६१ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी. मधल्या काळात ती पुन्हा पुन्हा देश ओलांडत राहिली. तीस खेपांनंतर तिने मोजणे सोडून दिले. १९८३ मध्ये ती गेली, आणि २००० साली तिथल्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलेली ती पहिली स्त्री ठरली. चुऱ्याहत्तराव्या वर्षी टेबलाशी बसून आपल्या बाविसाव्या वर्षीचा चिखल, ढेकूण आणि हिरवे रंगवलेले घर आठवणारी ती बाई मला फार जवळची वाटते. आमच्या पिढीतल्या किती बायकांनी आपापल्या पहिल्या एकटीच्या प्रवासाबद्दल लिहून ठेवले आहे? नोकरीच्या गावी जाताना रात्रीच्या एसटीने केलेला असेल, बाळंतपणाला माहेरी जाताना केलेला असेल. मैल कमी असतील, पण तो प्रवासही कुणाच्या तरी भरवशावरच झाला. एखाद्या कंडक्टरच्या, एखाद्या अनोळखी मावशीच्या. त्यांची नावे आता कुणाला आठवणार? प्रसंग तरी लिहून ठेवायला हवेत, हात चालतो आहे तोवर.